एमएफएम मीटर कॉम्प्युटरवर आणताना: आधी मीटरचा डिस्प्ले, मग लॅपटॉप

आमच्या शिरोली एमआयडीसीत फाउंड्र्या जास्त, आणि इंडक्शन फर्नेसचं लाइट बिल हा मालकाच्या डोक्याला कायमचा ताप. मग फीडरगणिक एमएफएम (मल्टिफंक्शन मीटर, म्हणजे व्होल्टेज, करंट, युनिट सगळं मोजणारा मीटर) बसतात आणि ‘सगळं कॉम्प्युटरवर दिसलं पाहिजे’ असं फर्मान निघतं. मेंटेनन्सचा पोरगा लॅपटॉप उघडतो आणि ड्रायव्हरमध्ये (मीटरशी बोलणारं सॉफ्टवेअर) एकेक बॉड रेट (डेटाचा वेग) बदलून नशीब आजमावत बसतो. तसलं काही करू नका. तिथं जे भरायचंय ते मीटरच्या पोटात आधीच आहे.

मीटरच्या सेटअप मेनूत जा आणि स्लेव्ह आयडी (मीटरचा लाइनवरचा नंबर), बॉड रेट, पॅरिटी (चूक पकडायचा जादा बिट), स्टॉप बिट कागदावर उतरवा. नवे मीटर बहुतेक आयडी १ घेऊनच येतात. एका लाइनवर (सगळे मीटर जिला जोडायचे ती केबल) दोन १ आले की दोघंही एकदम उत्तर देतात आणि ड्रायव्हरला नुसता कचरा मिळतो. म्हणून लाइनला जोडायच्या आधीच प्रत्येकाला वेगळा आयडी द्या. मोडबसमध्ये (मीटर आणि कॉम्प्युटर ज्या ठरलेल्या भाषेत बोलतात ती) १ ते २४७ चालतात. मी पॅनलचा नंबर तोच आयडी ठेवतो. बॉड रेट ९६०० पुरे. फर्नेसच्या शेजारी वेगाची हौस परवडत नाही. पॅरिटी इव्हन ठेवा नाहीतर नन, पण लाइनवरच्या सगळ्या मीटरांची एकच.

वायरिंगचं थोडक्यात. आरएस-४८५ला (म्हणजे या दोन तारांच्या लाइनला) पिळाची, शील्डवाली केबल घ्या आणि शील्ड एकाच टोकाला अर्थ करा. केबल मीटरवरून मीटरवर जाऊ दे, मधूनच फांद्या काढू नका. लाइनच्या दोन्ही टोकांना १२० ओहमचा रेझिस्टर, आणि फर्नेसच्या केबल ट्रेपासून चार हात लांब. ए आणि बी ही नावं प्रत्येक कंपनी आपापल्या मर्जीनं लावते. मीटर अजिबात बोलत नसेल तर आधी या दोन तारा अदलाबदल करून बघा, त्यानं काही जळत नाही.

आता एकच मीटर जोडा. यूएसबी कन्व्हर्टरचा कॉम नंबर डिव्हाइस मॅनेजरमध्ये बघून ड्रायव्हरला द्या (कन्व्हर्टर दुसऱ्या पोर्टात खोचला की हा नंबर बदलू शकतो), कागदावरची चार सेटिंगं भरा आणि एकच रजिस्टर (मीटरच्या मेमरीतला नंबर दिलेला कप्पा) मागा. समजा, पुस्तिकेत व्होल्टेज ४०१०१ला आहे. काही ड्रायव्हर हाच आकडा घेतात, काहींना १०० द्यावा लागतो, कारण लाइनवर मोजणी शून्यापासून असते. ४ने सुरू होणारा पत्ता फंक्शन (वाचायच्या हुकमाचा नंबर) ०३नं वाचायचा, ३ने सुरू होणारा ०४नं. चुकलं तर मीटर एक्सेप्शन (नकाराचं उत्तर) पाठवतो: ०१ म्हणजे फंक्शन मान्य नाही, ०२ म्हणजे असा पत्ता नाही. एक्सेप्शन आला की मी खूश होतो. उत्तर आलं म्हणजे तारा, बॉड, पॅरिटी, आयडी सगळं जमलंय, फक्त प्रश्न चुकलाय.

ड्रायव्हरमध्ये मीटर बोलतोय असा हिरवा दिवा लागला म्हणून लगेच चहाला पळू नका. फ्लोट (दशांशाचा) आकडा दोन रजिस्टरांत मावतो, आणि आधी कुठला अर्धा पाठवायचा हे मीटर ठरवतो. मीटरवर २३१.४ व्होल्ट असताना क्रम उलटा लागला, तर स्क्रीनवर सत्तावीसच्या पुढं बावीस शून्यं एवढा आकडा येतो. तो निदान डोळ्यांत खुपतो. नेमके २३०.० असतील तर मात्र शून्य दिसतं आणि माणूस उगाच फेज तपासत बसतो. ड्रायव्हरमध्ये वर्ड ऑर्डर किंवा वर्ड स्वॅप नावाची खूण असते, ती बदला.

एक मीटर जमला की बाकीचे जोडा. इथं टाइमआउटचं गणित कळायला हवं. टाइमआउट १ सेकंद आणि तीन प्रयत्न ठेवले, तर बंद पडलेला एक मीटर दर फेरीत ३ सेकंद खातो. दोन बंद असले की ६, आणि बाकीचे ताटकळत. मी टाइमआउट अर्धा सेकंद आणि प्रयत्न दोन ठेवतो. न बोलणाऱ्या मीटरला काही वेळ वगळायची सोय बऱ्याच ड्रायव्हरांत असते, ती चालू करा.

ब्लॉक साइजकडं (एका दमात किती रजिस्टरं मागायची त्याकडं) कुणाचं लक्ष जात नाही. मोडबस एका मागणीत जास्तीत जास्त १२५ रजिस्टरं देतो, म्हणून ड्रायव्हर मोठा घास घेतो. पण मधला एखादा पत्ता मीटरमध्ये नसेल, तर काही मीटर सगळ्या ब्लॉकलाच ०२ देतात आणि चांगले टॅगही (स्क्रीनवर एकेका आकड्याला दिलेली नावं) लाल होतात. ब्लॉक लहान करा.

सीटी रेशो (करंट ट्रान्सफॉर्मरचं गुणोत्तर) मीटरमध्ये भरला असेल तर सॉफ्टवेअरमध्ये परत गुणू नका. उच्चदाब कनेक्शनला महावितरणचं बिल केव्हीएएचवर (पॉवर फॅक्टरही धरून मोजलेली वीज) येतं, त्यामुळं केडब्ल्यूएचच्या (नेहमीचं युनिट) जोडीला तोही टॅग घ्या. युनिटसाठी शक्यतो फ्लोट रजिस्टर टाळा. ३२ बिटांचा फ्लोट १,६७,७७,२१६च्या पुढं एकेक युनिट मोजू शकत नाही, आणि फर्नेसचा फीडर काही वर्षांत तिथवर पोचतो. पुस्तिकेत पूर्णांकाचं रजिस्टर दिलं असेल तर तेच लावा, आणि टॅगचा डेटा टाइपही बदला.