वाफा मुलांच्या हाती द्या: शेतीतलं नेतृत्व कसं शिकवावं

सहावी ते आठवीच्या मुलांना ‘शेतीत नेतृत्वाच्या संधी’ यावर व्याख्यान देऊ नका. एक प्रश्न विचारा: ताटातली भाजी आपल्यापर्यंत येताना कोणाकोणाला निर्णय घ्यावे लागले असतील? मुलं शेतकऱ्यापासून सुरुवात करतील. तुम्ही विचारत राहा. पाण्याची पाळी कोण ठरवतं? वाण कोण तयार करतं? मग संशोधक, माती तपासणारे, पशुवैद्य, सहकारी संस्थेचे अध्यक्ष, सगळे फळ्यावर येतात. ही यादी जपून ठेवा, शेवटी लागणार आहे.

नंतर पाच-पाच जणांचे गट करून प्रत्येकाला एक छोटा वाफा द्या. जागा नसेल तर कुंड्याही चालतात. पीक लवकर येणारं हवं. मुळा महिना-दीड महिन्यात काढणीला येतो, म्हणजे एकाच सत्रात दोनदा लावता येतो आणि पहिल्या वेळची चूक दुसऱ्या वेळी सुधारता येते. गटप्रमुख, नोंदी, पाणी, हिशेब ही कामं दर दोन आठवड्यांनी बदला. न बोलणाऱ्या मुलाची पाळी मात्र चुकवू नका.

खरं शिक्षण आठवड्याच्या पाहणीत होतं. ही पद्धत शेतीशाळेची. इंडोनेशियात तपकिरी तुडतुड्यांनी भाताची नासाडी केली होती. बेसुमार फवारणीत तुडतुड्यांना खाणारे मित्रकीटकही मरत होते. १९८९ मध्ये तिथे संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेच्या मदतीने शेतीशाळा सुरू झाल्या. शेतकरी दर आठवड्याला शिवारात उतरत, किडी आणि मित्रकीटक मोजत, दिसलेलं कागदावर काढत आणि चर्चा करून काय करायचं ते स्वतः ठरवत. मुलांकडूनही हेच करून घ्या: पाहा, मोजा, चित्र काढा, ठरवा. गटप्रमुखाने गटाचा निर्णय वर्गापुढे कारणासह मांडायचा.

इथे शिक्षकाने गप्प राहायचं, आणि ते फार अवघड असतं. जास्त पाणी दिल्याने रोपं कुजताना दिसतात, जीभ शिवशिवते. तरी थांबा. वाफा गेला तर ‘आपण काय ठरवलं होतं?’ एवढंच विचारा. दोष एकट्या गटप्रमुखावर ढकलला जाऊ देऊ नका.

महिन्यातून एक सभा घ्या: विषयपत्रिका, मतदान, इतिवृत्त. अमेरिकेत १९२८ साली स्थापन झालेल्या एफएफए या शेतकी विद्यार्थ्यांच्या संघटनेत विद्यार्थीच अध्यक्ष, सचिव, खजिनदार होतात. तिथे मुलींना देशपातळीवर सदस्यत्व मिळायला मात्र १९६९ उजाडावं लागलं. म्हणून तुमच्या सभेत मुलींकडे फक्त इतिवृत्त लिहिण्याचं काम येत नाही ना, हे पाहा.

आता ती जुनी यादी काढा. प्रत्येकाने त्यातलं एक काम निवडावं, ते करणाऱ्या व्यक्तीला भेटावं आणि एकच प्रश्न विचारावा: तुमचा सगळ्यात अवघड निर्णय कोणता होता? उत्तर पुढच्या सभेत सगळ्यांना सांगायचं.