चीनमधला समाज, कामगार आणि प्रदूषण यांवर संशोधन करताय? या चुका टाळा

चीनवर प्रबंध लिहिणारे सहसा गणितात चुकत नाहीत. गणित सॉफ्टवेअर करतं. चूक त्याच्या आधी झालेली असते. कोणाला मोजलं, कुठल्या हद्दीत मोजलं, कुठल्या दिवसांत मोजलं, हे न पाहताच तक्ता उचललेला असतो. मग निष्कर्ष कितीही नेटका मांडला तरी तो पायातच कच्चा राहतो.

दरडोई आकडा काढताना भाजक चुकतो

चीनमध्ये एकाच शहराच्या दोन लोकसंख्या छापल्या जातात. एक हुकोऊची, म्हणजे १९५८ पासून कायद्याने चालत आलेल्या कुटुंबनोंदणीची. दुसरी रहिवाशांची, म्हणजे सहा महिने किंवा त्याहून जास्त काळ तिथे प्रत्यक्ष राहणाऱ्यांची. २०२० च्या जनगणनेत शेन्झेन या औद्योगिक शहराचे रहिवासी १ कोटी ७५ लाखांवर होते, पण हुकोऊधारक ६० लाखांच्याही आत. एकूण उत्पादनाला हुकोऊच्या आकड्याने भागलं तर दरडोई उत्पादन जवळपास तिप्पट दिसतं. स्थलांतरित जिथून बाहेर पडतात त्या हेनान किंवा आनह्वेई प्रांतांच्या जिल्ह्यांत उलट घडतं: माणसं कागदावर गावात, घाम मात्र दुसरीकडे, त्यामुळे गाव आहे त्याहून गरीब दिसतं. देशाच्या पातळीवरही हे अंतर लहान नाही. २०२० मध्ये रहिवासी धरून शहरीकरण ६३.८९ टक्के होतं, हुकोऊ धरून ४५.४ टक्के.

उपाय सोपा आहे. अंशात ज्यांचा हिशेब आहे तीच माणसं भाजकात हवीत. वीज, पाणी, कचरा, वाहतूक यांसाठी रहिवासी घ्या. सामाजिक हक्कांचा अभ्यास असेल तर दोन्ही आकडे शेजारी ठेवा, कारण त्यांच्यातली दरी हाच खरा विषय असतो. जुन्या सांख्यिकी वार्षिकांत (दरवर्षीच्या सरकारी आकडेवारीच्या ग्रंथांत) दरडोई उत्पादन बऱ्याचदा हुकोऊवर काढलेलं असतं, म्हणून तळटीप वाचल्याशिवाय लांब कालमालिका जोडू नका.

'शहर' म्हणजे शहरच, असं धरून चालणं

चोंगचिंगचं क्षेत्रफळ सुमारे ८२,४०० चौरस किलोमीटर आहे, महाराष्ट्राच्या एक चतुर्थांशाहून जास्त. २०२० ची लोकसंख्या ३ कोटी २० लाख. या 'शहरात' डोंगर, भातशेती आणि हजारो खेडी येतात. मुंबई महापालिकेच्या आकड्यांशी त्याची तुलना करणं निरर्थक आहे. तुलना हवीच असेल तर फक्त नागरी जिल्हे निवडा.

हद्दीही बदलतात. २०११ मध्ये आनह्वेईतलं चाओहू हे जिल्हापातळीचं शहर मोडून हफेई, वूहू आणि मा'आनशान यांच्यात वाटलं गेलं. जानेवारी २०१९ मध्ये लाइवू हे शहर शेजारच्या जिनान शहरात विलीन झालं. नुसत्या नावावरून फाइली जोडल्या तर त्या वर्षी जिनानची लोकसंख्या अचानक फुगलेली दिसते आणि कोणीतरी त्याला धोरणाचं यश म्हणून मोकळं होतं. सहा अंकी प्रशासकीय संकेतांक वापरा, पण एकच वर्ष पाया धरून. बाकी सगळी वर्षं त्या वर्षाच्या हद्दीत बसवून घ्या.

हवेच्या आकड्यांत २०१८ चा सांधा न दिसणं

ही चूक फार थोड्यांच्या लक्षात येते. १ सप्टेंबर २०१८ पासून चीनच्या हवा गुणवत्ता मानकातली मोजणीची अट बदलली. आधी सगळं ० अंश सेल्सिअसच्या प्रमाण स्थितीला नेऊन सांगायचे. आता वायू २५ अंशांना आणि धूलिकण प्रत्यक्षातल्या तापमान-दाबाला. हवा तेवढीच घाण असली तरी वायूंचा आकडा ०.९१६ पट होतो. काल ६० मायक्रोग्रॅम असलेला सल्फर डायऑक्साइड आज ५५ होतो. धूलिकणांचा फरक जागेप्रमाणे बदलतो. सुमारे ३,६५० मीटर उंचीवरच्या तिबेटमधल्या ल्हासामध्ये हवेचा दाबच समुद्रसपाटीच्या दोन तृतीयांशांच्या आसपास असतो, त्यामुळे तिथला पीएम २.५ चा (अतिसूक्ष्म धूलिकणांचा) आकडा नुसत्या अटीमुळे एक तृतीयांशाहून जास्त उतरतो. त्या तारखेच्या दोन्ही बाजूंचा कच्चा डेटा वापरणार असाल, तर आधी सगळे आकडे एकाच स्थितीला आणा.

ऋतूचंही तसंच. हुआय नदीच्या उत्तरेला हिवाळ्यात सार्वजनिक उष्णता पुरवठा असतो. बीजिंगमध्ये तो १५ नोव्हेंबर ते १५ मार्च. ऑक्टोबरची डिसेंबरशी तुलना करून एखाद्या कारखानाबंदीचा परिणाम मोजाल, तर प्रत्यक्षात उष्णता पुरवणाऱ्या बॉयलरचा धूरच मोजाल. वसंतोत्सव, म्हणजे चिनी नववर्ष, २०२३ मध्ये २२ जानेवारीला आला, २०२४ मध्ये १० फेब्रुवारीला. म्हणून फेब्रुवारीची फेब्रुवारीशी तुलना करू नका. सणाचा दिवस शून्य धरा आणि त्याच्या आधीचे-नंतरचे २१ दिवस जुळवा. कामगार सर्वेक्षणही या काळात टाळा, कारण निम्मी पाळी गावी गेलेली असते.

कामाचे तास आणि पगार एका प्रश्नात विचारणं

'आठवड्याला सरासरी किती तास काम करता?' या प्रश्नाला लोक करारातलं उत्तर देतात: ४०. बऱ्याच कंपन्यांत एक आठवडा पाच दिवसांचा आणि पुढचा सहा दिवसांचा असतो, त्यामुळे एकाच आठवड्याबद्दल विचारलं तर आकडा कुठलाही येतो. मागच्या १४ दिवसांतली रोजची येण्याची, जाण्याची आणि जेवणाच्या सुट्टीची वेळ विचारा. '९९६' (सकाळी ९ ते रात्री ९, आठवड्याला ६ दिवस) म्हणजे ७२ तास असं सर्रास लिहिलं जातं. रोजची दोन तासांची विश्रांती वजा केली तर ते ६० होतात. तरीही आठवड्याला २० तास जादा काम होतं, आणि कायद्याची कमाल मर्यादा महिन्याला ३६ तासांची आहे.

पगाराचं उदाहरण पाहा. २०२२ पासून शेन्झेनचं किमान वेतन महिना २,३६० युआन होतं. २१.७५ दिवस आणि ८ तासांनी भागलं तर तासाला १३.५६ युआन येतात. कामाच्या दिवशीच्या जादा तासाला दीडपट, साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी दुप्पट. कामाच्या दिवसांत ६० तास आणि चार शनिवारी १०-१० तास जादा केले, तर आणखी सुमारे २,३०५ युआन पडतात. महिना ४,६६५ युआनवर जातो, पण मूळ दर एका पैशानेही वाढलेला नसतो. नुसता मासिक पगार विचारणारा संशोधक याला 'वेतनवाढ' म्हणून नोंदवेल. मूळ वेतन, जादा तास आणि कपात वेगवेगळं विचारा. पगारपत्रक दाखवलं तर उत्तमच.

नमुना व्यवस्थापनाच्या यादीतून घेऊ नका. एजन्सीमार्फत आलेले कामगार आणि प्रशिक्षणार्थी विद्यार्थी त्या यादीत नसतात, आणि सर्वाधिक जादा काम बहुधा त्यांच्याच वाट्याला येतं. मनुष्यबळ विभागाने वीचॅट (चिनी मेसेजिंग अॅप) गटात टाकलेला दुवा तर वापरूच नका. कोण काय म्हणालं हे कळेल या भीतीने उत्तरं सारखीच येतात. पाळी सुटल्यावर, वसतिगृहाबाहेर बोला. नाव, खोली क्रमांक, उत्पादनरेषेचा क्रमांक नोंदवू नका. उत्पादनरेषेवर दहाच माणसं असतील तर तेवढ्यावरूनही माणूस ओळखला जातो आणि त्याची नोकरी जाऊ शकते.

छोट्या पण महागात पडणाऱ्या गोष्टी

२०२० च्या सांख्यिकी वार्षिकात आकडे २०१९ चे असतात. शेतीत १५ मू म्हणजे एक हेक्टर, एक मू सुमारे साडेसहा गुंठे, आणि एक जिन अर्धा किलो; म्हणून 'मूला १,००० जिन' म्हणजे हेक्टरी साडेसात टन. मोठ्या संख्यांचं एकक दहा कोटींचं असतं, तिथे एक शून्य हमखास निसटतं.

परवानगीचं आधी बघा. २००४ च्या नियमांनुसार परदेशी व्यक्तीला किंवा संस्थेला चीनमध्ये स्वतः सर्वेक्षण करता येत नाही. परवानाधारक चिनी संस्थेमार्फतच करावं लागतं, आणि सामाजिक सर्वेक्षणाला आगाऊ मंजुरी लागते. १ नोव्हेंबर २०२१ पासून वैयक्तिक माहिती संरक्षण कायदाही लागू आहे, त्यामुळे मुलाखतींच्या ध्वनिफिती पुण्या-मुंबईच्या सर्व्हरवर आणण्याची वेगळी संमती घ्यावी लागते. एवढं जमत नसेल तर पेकिंग विद्यापीठाच्या कुटुंब पॅनेल अभ्यासासारखा (त्यात त्याच कुटुंबांना पुन्हापुन्हा विचारतात), २०१० पासून चालू असलेला तयार डेटा अर्ज करून मागवा. प्रश्नावली मात्र मूळ चिनीतूनच वाचा.