जुन्या वस्तूंच्या दुकानात जाताना चुंबक न्यावा

साताऱ्यात एकाच घराण्याने तीन पिढ्या चालवलेल्या जुन्या वस्तूंच्या दुकानातून मी 'अस्सल पितळी' म्हणून वजनावर घेतलेल्या समईचा दांडा घरी चिंचेने घासल्यावर लोखंडी निघाला, म्हणून ही तयारी लिहून ठेवत आहे.

रोख पैसे आणि जाड पिशवी घ्यावी, हे सांगायला नको. लोहचुंबक मात्र आधी खिशात टाकावा आणि मगच चप्पल घालावी. फ्रिजच्या दारावरचा शोभेचा चुंबक उपयोगाचा नाही. जुन्या स्पीकरमधला असेल तर उत्तम. समईचे भाग आट्यांनी जोडलेले असतात, त्यामुळे बैठक, दांडा, ताटली आणि वरचा मोर असे प्रत्येक ठिकाणी चुंबक लावून पाहावे. मी ताटली टिचकी मारून वाजवली, नाद ऐकून खूश झालो आणि लोखंडाला पितळेचा भाव मोजून आलो. दुकानदारांना वाईट वाटेल ही भीड बाळगू नये. ज्यांचा माल चोख असतो ते स्वतःच समई पुढे सरकवतात.

अर्थात चुंबक चिकटला नाही म्हणजे वस्तू खरी, असे नव्हे. शिवराई, म्हणजे शिवाजी महाराजांच्या नावाचे जुने नाणे, तांब्याची असते आणि नकलीही तांब्याच्याच ओततात. तिथे 'श्री राजा शिव' आणि 'छत्र पति' ही अक्षरे भिंगातून पाहावीत आणि कडेवर साच्याची शिवण शोधावी. उलट ओगलेवाडीच्या प्रभाकर कंदिलाला चुंबक चिकटणारच, तो पत्र्याचाच आहे. त्याची काच तेवढी मूळची आहे का, ते विचारावे. तरीही घंगाळ असो वा अडकित्ता, आधी चुंबक, मग भाव.

दुकानात आजोबा बसतात ती वेळ साधावी. कोणती वस्तू कोणत्या पाडलेल्या वाड्यातून आली हे त्यांनाच ठाऊक असते. नातवाला फक्त किंमत ठाऊक असते.

फडताळ घ्यायचे असल्यास घरातल्या दाराचे व जिन्याचे माप न्यावे. शंभर वर्षांहून जुनी दगडी किंवा धातूची मूर्ती दाखवल्यास १९७२ च्या पुरावशेष कायद्याखालील नोंदणीचा कागद मागावा. नसेल तर हात लावू नये. घासाघीस ज्याची त्याने करावी. पावतीवर 'पितळी' हा शब्द लिहून घ्यावा. माझ्या पावतीवर 'समई, १ नग' एवढेच होते.