'हे अंशतः खरे आहे' : आमदारांच्या कार्यालयात प्रश्न लिहायला शिकताना

पहिल्या दिवशी साहेबांनी माझ्यापुढे एक जाड फाइल टाकली आणि म्हणाले, "चार दिवस नुसतं वाच. लिहू नकोस." मागच्या दोन अधिवेशनांत त्यांनी विचारलेले प्रश्न आणि त्यांची छापील उत्तरं त्यात होती. मी नुकतीच रत्नागिरीहून राज्यशास्त्राची पदवी घेऊन आलेली, हातात नवा लॅपटॉप. वाचायचं सोडून मी मोजायलाच बसले. घरकुलावर किती, निराधार योजनेवर किती, मच्छीमारांवर किती, सगळा तक्ता रंगांसकट तयार. साहेबांनी तो पाहिला, चष्मा काढला आणि म्हणाले, "हे पेपरवाल्यांना दे, त्यांना आवडेल. मला एवढंच सांग, यातल्या किती उत्तरांनंतर गावात काही हललं?"

हे शोधायला मला दोन वर्षं लागली. समाजकार्य किंवा राज्यशास्त्र शिकलेली आपल्याकडची मुलं अधूनमधून विचारतात, आमदार-खासदाराकडे नोकरी म्हणजे नेमकं काय करायचं? पत्रं लिहायची, बदल्यांचे फोन घ्यायचे, बॅनरचा मजकूर तपासायचा, हे सगळं येतंच, त्यातून सुटका नाही. पण अधिवेशन लागलं की खरं काम सुरू होतं आणि ते कुठल्याच अभ्यासक्रमात नसतं. म्हणून हे लिहितेय.

आधी भाषेबद्दल. विधानसभेच्या तारांकित प्रश्नाचा, म्हणजे ज्याला मंत्री सभागृहात तोंडी उत्तर देतात त्याचा, एक ठरलेला साचा असतो. "(१) अमुक ठिकाणी तमुक झाल्याचे माहे अमुकमध्ये निदर्शनास आले, हे खरे आहे काय; (२) असल्यास, शासनाने चौकशी केली आहे काय; (३) असल्यास, चौकशीत काय आढळून आले व त्यानुसार कोणती कार्यवाही केली; (४) नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?" पहिल्यांदा वाचताना हसू येतं. पण प्रश्नाची सगळी ताकद त्या पहिल्या कलमात असते. माझा पहिला मसुदा होता, "कोकणातील गोरगरिबांवर घरकुल योजनेत अन्याय होत आहे, हे खरे आहे काय?" साहेबांनी तो मुद्दाम तसाच जाऊ दिला असावा, असं मला आता वाटतं. उत्तर आलं: "(१) हे खरे नाही. (२), (३) व (४) प्रश्न उद्भवत नाही." संपलं. 'अन्याय' म्हणजे काय, कुणावर, कुठल्या तालुक्यात, कधी, यातलं काहीच मी लिहिलं नव्हतं. मग खात्यातल्या कारकुनाने तरी दुसरं काय लिहायचं?

दुसऱ्या वेळी साहेबांनी मला संगमेश्वर तालुक्यातल्या एका वाडीत पाठवलं. गाव सांगत नाही. तिथे एक म्हातारी भेटली. जांभ्या चिऱ्याचं जुनं घर, पुढची पडवी खचलेली, मागच्या भिंतीला बांबूचा टेकू. घरकुलाच्या प्रतीक्षा यादीत, म्हणजे 'ड' यादीत, नाव होतं, प्रधानमंत्री आवासमधून घरकूल मंजूरही झालं होतं. काम मात्र सुरू होत नव्हतं. कारण विचारलं तर ती म्हणाली, "घर माज्या सासऱ्यान बांदलान. जागा खोताची. मग घरकूल काय आभालात बांदू?" (खोत म्हणजे गावचा सारा वसूल करणारा जुना वतनदार.) ग्रामपंचायतीत घरपट्टी तिच्या नावावर, पावत्या तिच्या पत्र्याच्या डब्यात जपून ठेवलेल्या. सातबारा काढला तर त्यावर त्रेचाळीस नावं! अर्धी माणसं वारलेली, वारसनोंदी नाहीत, आणि जिवंत आहेत ती विरार, नालासोपारा, एक तर बडोद्याला. घरकुलासाठी जागा स्वतःच्या नावावर हवी, नाहीतर सगळ्या सहहिस्सेदारांचं संमतीपत्र. तलाठ्याने ते ऐकवून तिला दोनदा परत पाठवलं होतं.

या एका सातबाऱ्यामागे काय काय आहे, हे समजून घेतल्याशिवाय कोकणातल्या घरांवर प्रश्न लिहू नका. ज्यांचं मूळ गाव मंडणगड तालुक्यातलं आंबडवे, त्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १७ सप्टेंबर १९३७ रोजी मुंबई विधिमंडळात खोती पद्धत रद्द करण्याचं विधेयक मांडलं. अलिबागजवळ खोतांविरुद्ध शेतकऱ्यांचा चरीचा संप तेव्हा चालूच होता, आणि जानेवारी १९३८ मध्ये शेतकऱ्यांचा मोठा मोर्चा मुंबईत कौन्सिल हॉलवर गेला. विधेयक काही पास झालं नाही. खोती रद्द करणारा कायदा व्हायला १९४९ साल उजाडलं. पुढे कुळकायद्यात राहत्या घराखालची जागा कुळाला विकत घेता येण्याची तरतूदही आली. तरीही त्या म्हातारीच्या तोंडी 'जागा खोताची' हे अजून आहे, कारण कागद तिच्या घरापर्यंत पोचलाच नाही. एखाद्या सदस्याचं विधेयक पडलं म्हणजे त्याचं काम वाया गेलं, असं मलाही आधी वाटायचं. तेव्हाच्या त्या चर्चा वाचल्यावर मी ते म्हणणं सोडलं.

तर दुसऱ्या मसुद्यात मी तालुका, महिना आणि नेमकी अडचण घातली: मंजूर घरकुलांपैकी सामाईक सातबारा किंवा संमतीपत्राअभावी काम सुरू न झालेली किती? जागा खरेदीसाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय योजनेतून किती जणांना अर्थसाहाय्य दिलं? (ही रक्कम सुरुवातीला ५० हजार होती, पुढे १ लाख केली. पण विकणारे त्रेचाळीस असतील तर पैसे कुणाच्या हातात ठेवायचे?) उत्तर आलं, "(१) हे अंशतः खरे आहे." साहेब खुशीत म्हणाले, "आता धर. अंश कुठला ते विचार." छापील उत्तरातलं 'अंशतः' म्हणजे किलकिलं उघडलेलं दार असतं. सभागृहात उपप्रश्न विचारायला तीसेक सेकंद मिळतात, तेवढ्यात त्या दारात पाय घालावा लागतो. म्हणून साहेबांच्या हातात मी नेहमी एकच चिठ्ठी देते, त्यावर दोन ओळी आणि एक आकडा. जास्त लिहिलं तर ते वाचत बसतात आणि पीठासीन अधिकारी पुढचा प्रश्न पुकारतात.

आपल्याकडे जुनी माणसं लगेच बॅरिस्टर नाथ पैंच्या वक्तृत्वाचा दाखला देतात. १९५७ पासून १९७१ मध्ये जाईपर्यंत ते राजापूरचे खासदार होते, त्यांच्यानंतर तिथूनच मधु दंडवते सलग पाच वेळा निवडून गेले. ऐकावं तर त्यांना, हे खरंच. पण नव्या माणसाने प्रश्नोत्तराच्या तासात वक्तृत्व शोधू नये. तिथे आकडा बोलतो. वक्तृत्वाला नियम २९३ ची चर्चा आहे, अर्थसंकल्पावरचं भाषण आहे. तातडीचं असेल तर लक्षवेधी (मंत्र्यांचं तातडीच्या विषयाकडे लक्ष वेधणारी सूचना) लावा. पैशाचं असेल तर पुरवणी मागण्यांवर (वर्षाच्या मध्ये सरकार मागतं त्या जादा रकमांवर) बोला किंवा कपात सूचना (मागितलेली रक्कम कमी करा, अशी सूचना) द्या. या आयुधांची यादी पाठ करण्यात अर्थ नाही, एका अधिवेशनात आपोआप कळतात.

माझी सगळ्यात मोठी फजिती खात्यांच्या घोळातून झाली. घरकूल म्हटलं की सगळं एकच, असं आपण धरून चालतो. प्रधानमंत्री आवास ग्रामीण आणि जागाखरेदीची योजना ग्रामविकासकडे, अनुसूचित जातींसाठीची रमाई सामाजिक न्यायकडे, आदिवासींसाठीची शबरी आदिवासी विकासकडे, आणि जमीन महसूलकडे. मी रमाईचा आकडा प्रधानमंत्री आवासच्या आकड्यात मिळवून साहेबांना दिला. मंत्र्यांनी तो भर सभागृहात दुरुस्त केला, वर "माननीय सदस्यांनी माहिती तपासून घ्यावी" असं सुनावलं. त्या रात्री आमदार निवासाच्या कॅन्टीनमध्ये मला जेवण गेलं नाही. साहेब काही बोलले नाहीत, ते जास्त लागलं. तेव्हापासून प्रत्येक आकड्यासमोर मी तो कुठल्या खात्याचा, कुठल्या तारखेचा आणि कुणी दिला, हे लिहून ठेवते.

मुंबई की दिल्ली, हाही असाच घोळ. जमीन हा राज्यसूचीतला विषय. त्यावर लोकसभेत विचाराल तर 'हा राज्याचा विषय आहे' एवढंच उत्तर मिळतं. पण घरकुलाची रक्कम केंद्राने ठरवलेली, म्हणून तो प्रश्न खासदारांकडे द्यायला हवा. सपाट भागात १ लाख २० हजार आणि डोंगराळ भागात १ लाख ३० हजार, असा केंद्राचा दर. आता आपल्या राजापूर-लांज्याला सपाट कोण म्हणेल? पण या योजनेतला 'डोंगराळ' म्हणजे मुख्यतः हिमालयातली आणि ईशान्येतली राज्यं. सह्याद्री त्यात बसत नाही. घराचं किमान क्षेत्रफळ २५ चौरस मीटर, स्वयंपाकाच्या जागेसकट. आमच्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. पडवी नसेल तर लाकडं कुठे ठेवायची, आणि स्लॅब टाकला तर दुसऱ्या पावसात गळतो म्हणून वर पुन्हा पत्रा चढवावाच लागतो. निराधारांच्या पेन्शनचंही तसंच. ६० ते ७९ वयाच्या वृद्धासाठी केंद्राचा वाटा २००७ पासून महिना २०० रुपयांवरच अडकलाय, बाकीचा भार राज्य उचलतं. राज्याच्या दारात ओरडून तो वाटा वाढणार कसा?

लोकसभेत एका दिवशी २० तारांकित प्रश्न लागतात आणि सभागृहात जेमतेम पाच-सहांची पाळी येते. बाकीच्यांना लेखी उत्तर. अतारांकित, म्हणजे ज्यांना फक्त लेखीच उत्तर मिळतं असे, २३०. म्हणून कुठल्या खासदाराने किती प्रश्न विचारले, या आकड्यावरून हुरळून जाऊ नका आणि कुणाला नावंही ठेवू नका.

चांगला प्रश्न कसा सापडतो, असं मला विचाराल तर मी म्हणेन, दोन योजनांचे कागद शेजारी-शेजारी ठेवा. संजय गांधी निराधार योजनेला कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न २१ हजारांच्या आत लागतं. घरकुलाच्या लाभार्थ्याला स्वतःच्या घराच्या कामासाठी रोजगार हमीचे ९० दिवस मिळत. २०२४-२५ मध्ये महाराष्ट्रात रोजची मजुरी २९७ रुपये होती. गुणाकार करा, २६ हजार ७३०. म्हणजे विधवा बाईने स्वतःचं घर बांधताना सरकारचीच मजुरी घेतली, तर ती निराधार राहते की नाही? हा प्रश्न मी तहसीलच्या बाकावर बसल्या बसल्या पाकिटाच्या मागच्या बाजूला लिहिला होता.

आणि हवामान बघा. हे मुंबईत बसून कळत नाही. कोकणात बांधकाम करायचं ते दिवाळीनंतर आणि मे संपायच्या आत. हप्ता मेच्या शेवटच्या आठवड्यात खात्यात आला तर जोतं पावसात उघडं पडतं. रायगडातल्या कातकरी वाड्यांवर तर त्याहून अवघड. कातकरी हे विशेष असुरक्षित आदिवासी गटात येतात. २०२३ मध्ये आलेल्या पीएम-जनमन योजनेत त्यांना घरासाठी २ लाख ठेवलेत. पण दिवाळी झाली की कुटुंबंच्या कुटुंबं वीटभट्टीवर, कोळसाभट्टीवर निघून जातात. घर बांधायचे दिवस आणि घरमालक घरी नसण्याचे दिवस एकच. सर्वेक्षणाला गेलेला माणूस कुलूपही न लावलेल्या दारावरून परत येतो आणि 'लाभार्थी अनुपस्थित' असा शेरा मारतो. यावर आमची लक्षवेधी लागली तेव्हा साहेबांनी एकच मागणी केली, सर्वेक्षण पावसाळ्यात करा. माझ्या मते ते त्यांचं आजवरचं सगळ्यात कामाचं वाक्य. बातमी मात्र कुठेच आली नाही.

उत्तरानंतर काय, हा भाग सगळे विसरतात. मंत्री सभागृहात 'बैठक लावू', 'तपासून घेऊ' असं म्हणाले की टाळ्या पडतात आणि विषय मिटला असं वाटतं. मी त्या दिवशीचं कार्यवृत्त (सभागृहातल्या बोलण्याची अधिकृत नोंद) काढून ते वाक्य पिवळ्या रंगाने रंगवते. लोकसभेत तर 'विषय विचाराधीन आहे' हेसुद्धा आश्वासन धरतात आणि ते तीन महिन्यांत पुरं करायचं असतं. तिथली शासकीय आश्वासन समिती १९५३ पासून हेच काम करतेय. आपल्या विधिमंडळातही आश्वासन समिती आहे. तिच्याकडे पाठपुरावा करणं कंटाळवाणं, बिनफोटोचं काम आहे. ते करायला तयार असाल तरच या नोकरीत या. आणि पगार आधी ठरवून घ्या, संकोच करू नका. दिल्लीत खासदारांबरोबर वर्षभर शिकायचं असेल तर पंचवीसच्या आतल्या पदवीधरांसाठी संसदेच्या कामाचा अभ्यास करणाऱ्या पीआरएस संस्थेची लॅम्प फेलोशिप २०१० पासून चालू आहे, तिकडेही अर्ज टाका.

त्या म्हातारीचं काय झालं, ते सांगायचं राहिलं. प्रश्नावर बैठक लागली. जुनी घरपट्टी असलेल्या घरांची वेगळी यादी करायचं ठरलं. ती यादी अजून होतेच आहे. दरम्यान तिच्या पुतण्याने डोकं चालवलं. गणपतीत चाकरमानी गावी आले तेव्हा त्याने संमतीपत्राचे कागद आरतीनंतर ओट्यावर मांडले, पेनला दोरा बांधून. नावं जरी त्रेचाळीस, तरी वारस धरून सह्या लागणार होत्या एकसष्ट. पाच दिवसांत अठ्ठावन्न झाल्या. दोघं विरारला असतात, ते शिमग्याला येतो म्हणालेत. बडोद्याचा माणूस फोन उचलत नाही.