उलटंसुलटं सारखंच वाचता येणारं गाणं लिहिताय? या चुका टाळा

अमेरिकन विनोदी गायक विअर्ड अल यांकोविकचं २००३ सालचं 'बॉब' हे गाणं ऐकलं की बऱ्याच जणांना वाटतं, आपणपण मराठीत असं विनोदी गाणं करूया, प्रत्येक ओळ उलटी वाचली तरी तीच. जरूर करा, फार मजा येते. पण त्यात त्याच त्या चुका बघून मी आता खरंच वैतागलेय.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे मोजायचं काय हेच न कळणं. इंग्रजीत एकेक लेटर उलटतं, म्हणून तिकडे बॉब दोन्हीकडून बॉब. आपल्याकडे मात्रा अक्षराला चिकटलेली असते, म्हणजे बॉ आणि ब, उलटं वाचलं की 'बबॉ'. 'लाल'चं 'लला' होतं. 'रामाला भाला मारा' मात्र रा-मा-ला-भा-ला-मा-रा, एकदम चोख.

एका कार्यक्रमासाठी आमच्या ग्रुपमधल्या एका मुलाने बारा ओळी आणल्या, म्हणाला सगळ्या कॉम्प्युटरवर तपासल्यात, एकपण चुकत नाही. मीपण घाईत होते, चाल लावली, पाट्या रंगवल्या. निवेदकाने लोकांना सांगितलं आता उलटं वाचा, पहिलीच पाटी 'साप पास', आणि अख्ख्या हॉलने वाचलं 'स-पा-प-सा'. पुढच्या पाट्या आम्ही दाखवल्याच नाहीत. झालं काय होतं, तर कॉम्प्युटर काना वेगळा मोजतो, त्याच्या हिशोबाने स, काना, प, प, काना, स, म्हणजे बरोबर! आणि हाच साधा प्रोग्राम 'रामाला भाला मारा' चूक ठरवतो. तेव्हापासून मी कागदाच्या चिठ्ठ्या करते, एका चिठ्ठीवर एक अक्षर मात्रेसकट, जोडाक्षर असेल तर तेही एकाच चिठ्ठीवर, आणि शेवटाकडून मोठ्याने वाचते. वेळ लागतो. ज्यांना दहा मिनिटांत गाणं हवंय त्यांनी दुसरा छंद बघावा.

दुसरी चूक यमकाची. लोक चार ओळी जमवतात आणि मग शेवट जुळवायला बसतात, अरे पण इथे शेवट म्हणजे सुरुवातीचाच आरसा ना, सुरुवात ठरली की शेवट ठरलाच! यमक ओळीच्या तोंडाशी शोधायचं. मला '-आल' हवं होतं, म्हणजे ओळ 'ल'ने सुरू आणि दुसरं अक्षर कानावालं. मग मिळालं: 'लता, गा ताल', 'लबाड बाल', 'लहान हाल'. तीन ओळी, एक संध्याकाळ.

ओळ डावीकडून लिहीत जाऊ नका, मधून सुरू करा. 'काका, वाचवा, काका' बघा, मध्ये च, दोन्हीकडे वा, मग का, का. अर्थ देणारा छोटा गाभा आधी, बाकीचं बाहेर वाढवत न्यायचं.

काका, मामा, दादा, बाबा भरून ओळ लांबवणं हा शुद्ध आळस आहे. एखादा काका ठीक, पूर्ण कडवं नातेवाइकांचं नको.

ऱ्हस्वदीर्घाची सूट मी देते, 'तो कवी डालडा विकतो' मला चालतं, कारण 'कवी' आणि 'विकतो' दोन्ही शब्द आपापल्या जागी बरोबर लिहिलेत. पण 'भाऊ तळ्यात ऊभा' मध्ये 'उभा' मुद्दाम चुकवलाय, ते नाही चालणार.

रेकॉर्डिंग उलटं वाजवून तपासू नका. हा लिपीचा खेळ आहे, 'लता'तला ल पूर्ण आणि 'ताल'चा ल गाताना अर्धा, आवाज जुळणारच नाही.

आणि ओळी नुसत्या गाऊन सोडू नका, ऐकणाऱ्याला काही कळत नाही, वाटतं काहीतरी असंबद्ध चाललंय. 'बॉब'च्या व्हिडिओत अमेरिकन गायक बॉब डिलनच्या जुन्या क्लिपसारख्या ओळी पाट्यांवर दाखवल्यात, ती नक्कल तर आहेच, पण त्यामुळे ओळ डोळ्यांना दिसते. आम्हीपण आता पाट्याच करतो, दोन अक्षरांत चांगलं अंतर ठेवून, मागच्या रांगेतून उलटं वाचता येईल इतक्या मोठ्या.