एन्झाइम मण्यात अडकवताय? मग धुतलेलं पाणी ओतून टाकू नका

सेमिस्टर संपत आलं की आमच्या लॅबच्या दारात पोरं येऊन थांबतात, कोण खानापूरचं, कोण निपाणीचं, कोण हुक्केरीचं, आणि दर वर्षी त्यातल्या दोघातिघांचा प्रोजेक्ट हाच असतोय, एन्झाइम इमोबिलायझेशन, म्हणजे एन्झाइम कशावर तरी नाहीतर कशात तरी पक्कं बसवणं. गोल गोल मणी करून आणतात, बाटलीत मोत्यासारखे दिसतात, फोटोपण काढून झालेला असतोय. मी एवढंच विचारतो, मणी धुतलेलं पाणी कुठाय? ते बेसिनमध्ये गेलेलं असतंय. मग झालं की हो, एन्झाइम मण्यात बसलंय का पाण्याबरोबर गटारात गेलंय हे आता सांगणार कोण. तेच तेच दरवर्षी सांगून घसा बसला म्हणून एकदा सगळं लिहूनच टाकतो.

आधी हे कशाला करायचं ते. एन्झाइम पाण्यात विरघळतंय, काम झालं की माल आणि एन्झाइम एकात एक, वेगळं काढायला परवडत नाही, म्हणजे महागाचं एन्झाइम एकदाच वापरून टाकून द्यायचं. तेच कशावर तरी बसवलं की गाळा, धुवा, परत वापरा. ही गोष्ट जुनी आहे, १९१६ साली नेल्सन आणि ग्रिफिननी दाखवलं की कोळशाला चिकटलेलं इन्व्हर्टेज एन्झाइम तिथं बसूनसुद्धा साखर फोडतंय, म्हणजे साखरेचं ग्लुकोज आणि फ्रुक्टोज करतंय. कारखान्यात यायला मात्र १९६९ उजाडलं, जपानच्या तानाबे सेयाकू कंपनीनं अमिनोॲसिलेज हे एन्झाइम सपोर्टवर, म्हणजे आधारावर, बसवून अमिनो ॲसिड काढायला सुरू केलं. आज मक्याच्या ग्लुकोजपासून फ्रुक्टोजचं सिरप करतात ते बसवलेल्या ग्लुकोज आयसोमरेजवर, आणि पेनिसिलिनपासून पुढची अँटिबायोटिकं करायला जो ६-एपीए, म्हणजे पेनिसिलिनचा गाभा, लागतो तो पेनिसिलिन ॲसिलेजवर.

पद्धती पुस्तकात चार-पाच दिलेल्या असतात आणि पोरं सगळ्या पाठ करतात, पण कधी कुठली घ्यायची ते कुणी सांगत नाही. नुसतं चिकटवणं म्हणजे ॲडसॉर्प्शन, कोळसा, सिलिका नाहीतर आयन एक्स्चेंज रेझिनवर एन्झाइम ओतायचं, तासभर हलवायचं, धुवायचं, संपलं. सोपं, स्वस्त, एन्झाइमला त्रास नाही, पण पीएच जरा इकडंतिकडं झाला किंवा मीठ पडलं की एन्झाइम सुटून येतंय. दुसरं, केमिकल बाँडनं बांधणं, पक्कं बसतंय पण बांधताना थोडं एन्झाइम मरतंयच. तिसरं, जेलच्या जाळीत कोंडणं, हे मण्यांचं काम. चौथं, सपोर्टच नको म्हणून एन्झाइमचेच रेणू एकमेकाला बांधायचे, अमोनियम सल्फेटनं साका पाडायचा आणि त्याच्यात ग्लुटराल्डिहाइड, दोन रेणू जोडणारं केमिकल. हे चौथं पहिल्यांदा करणाऱ्यानं करू नये असं माझं मत, चिखल होतोय आणि गाळताना डोकं उठतंय.

मग सुरुवात कशानं करायची, तर यीस्ट आणि अल्जिनेट, समुद्री शेवाळातला डिंकासारखा पदार्थ, कॅल्शियम लागलं की त्याचं जेल होतंय. कारण असं, की अल्जिनेटच्या जाळीची भोकं एन्झाइमच्या एकट्या रेणूला मोठी पडतात, तो निसटून जातोय, पण यीस्टची आख्खी पेशी निसटत नाही, आणि इन्व्हर्टेज पेशीच्या भिंतीपाशीच असतंय, साखर आत गेली की तिथल्या तिथं फुटते. म्हणजे एन्झाइम वेगळं काढायची कटकटच नाही, बेकरीवाल्याकडचं ड्राय यीस्ट चालतंय.

३ ग्रॅम सोडियम अल्जिनेट, १०० मिली डिस्टिल्ड वॉटर. डिस्टिल्डच, हे मी तिसऱ्यांदा सांगतोय असं समजा. बोअरच्या पाण्यात कॅल्शियम असतंय, पावडर पडल्या पडल्या तिथंच जेल व्हायला लागतंय आणि मग तासभर ढवळलं तरी गाठी मोडत नाहीत. एका पोरीनं हॉस्टेलच्या नळाचं पाणी घेतलं होतं, तिच्या बीकरमध्ये साबुदाण्याची खीर झाली होती अक्षरशः. लॅबला नसेल तर गॅरेजमध्ये बॅटरीत घालायचं पाणी मिळतंय ते आणा. स्टरर जोरात फिरवायचा, पाण्यात भोवरा पडला पाहिजे, आणि पावडर त्या भोवऱ्याच्या कडेला चिमटी-चिमटीनं भुरभुरायची, एकदम ओतली की पिठल्यासारख्या गुठळ्या. रात्रभर झाकून ठेवा म्हणजे बुडबुडे वर येऊन निघून जातात.

सकाळी ५ ग्रॅम ड्राय यीस्ट ५० मिली कोमट पाण्यात पंधरा मिनिटं भिजवा आणि अल्जिनेटमध्ये सावकाश मिसळा. आता एकूण १५० मिली झालं, म्हणजे अल्जिनेट २ टक्के, मण्याला बरोबर. दुसऱ्या बीकरमध्ये ०.२ मोलर कॅल्शियम क्लोराइड, डायहायड्रेटचा डबा असेल तर लिटरला २९.४ ग्रॅम, अनहायड्रस असेल तर २२.२, डब्यावरचं लेबल वाचा की जरा. अनहायड्रस विरघळताना पाणी तापतंय, थंड होऊ द्या मग वापरा.

१० मिलीची सिरिंज, हिरवी सुई म्हणजे २१ गेज, मेडिकलमध्ये कुठंही मिळते. त्यात यीस्ट मिसळलेलं अल्जिनेट भरायचं, कॅल्शियम क्लोराइडच्या पाण्यापासून साधारण वीतभर वर धरायची आणि थेंब थेंब सोडायचा. मण्याला शेपटी आली तर तुम्ही फार खाली धरलंय किंवा द्रावण घट्ट आहे, मणी चपटा होऊन गोटीची टिकली झाली तर फार वरून सोडताय. घाई करून धार लावली की शेवया होतात, त्यापण काम करतात म्हणा पण परीक्षक हसतात. मणी अर्धा ते एक तास तिथंच मुरू द्या, मग गाळा आणि धुवा.

आणि हे धुतलेलं पाणी, पहिलं, दुसरं, तिसरं, वेगवेगळ्या बाटलीत, वर नंबर टाकून ठेवायचं.

बफरचं सांगतो, कारण यात मी स्वतः तोंडावर आपटलोय. माझ्या एमएस्सीच्या वेळी दीडशे-दोनशे सुंदर मणी केले आणि रात्री फॉस्फेट बफरमध्ये टाकून घरी गेलो. सकाळी बघतो तर मणी नाहीतच, बीकरमध्ये नुसता बुळबुळीत रस, गुऱ्हाळात मळी काढायला रानभेंडी कुटून घालतात ना, तसला. फॉस्फेट कॅल्शियमला ओढून घेतंय, सायट्रेट आणि ईडीटीए पण तेच करतात, कॅल्शियम गेलं की जेलला धरायला काही उरत नाही. इन्व्हर्टेजला पीएच ४.५ ते ५ लागतोय, तर ॲसिटेट बफर घ्या आणि त्यात चिमूटभर कॅल्शियम क्लोराइड असू द्या, काही होत नाही मग.

आता चालवायचं. ५० मिलीच्या सिरिंजची नळी उभी बांधा, तळाला कापूस, वर मणी, खाली सलाइनचा ड्रिप सेट लावा, त्याच्या चाकीनं धार कमीजास्त होते, याच्यापेक्षा स्वस्त कंट्रोल जगात नाही. वरून ५ टक्के साखरेचं पाणी सोडा. यीस्ट जिवंत आहे हे विसरू नका, ते फुटलेलं ग्लुकोज खाऊन गॅस सोडतंय, तासाभरानं मणी फुगून वर तरंगायला लागतात आणि पोरं म्हणतात सर मणी बिघडले. बिघडले नाहीत, आंबवायला लागलेत. ५० डिग्रीला चालवलं की आंबणं थांबतंय आणि इन्व्हर्टेज उलट जोरात चालतंय.

साखर फुटली हे कळणार कसं? डीएनएस टेस्ट आहेच, फुटलेल्या साखरेनं रंग बदलणारं केमिकल, पाच मिनिटं उकळा, ५४० नॅनोमीटरला वाचा. कलरीमीटर नसेल तर घरातलं शुगर तपासायचं मीटर आणा, साधी साखर त्याला दिसत नाही, ग्लुकोज दिसतंय, म्हणजे आपल्याला हवं तेच. ५ टक्के साखर पूर्ण फुटली तर ग्लुकोज डेसिलिटरला २६३० मिलिग्रॅमच्या आसपास येणार, मीटर साधारण ६०० च्या वर नुसतं हाय दाखवतंय, म्हणून दहापट पातळ करून घ्या. स्ट्रिप रक्तासाठी बनवलेली आहे, तो आकडा छातीठोक धरू नका, आधी ग्लुकोज पावडरची माहीत असलेली दोन-तीन द्रावणं करून त्याच डब्यातल्या स्ट्रिपवर बघा आणि त्याच्याशी ताडा. काही मीटर नुसत्या पाण्याला एरर मारतात, मग डीएनएसला पर्याय नाही.

गावाकडची पोरं इथं लगेच विचारतात की उसाचा रस सोडला तर? सोडा की, पण आधी नीट गाळा नाहीतर मळीनं कापूस बसतोय. आणि घरी गुऱ्हाळ असलं तर वडलांना विचारा शिळ्या उसाचा गूळ का बांधत नाही, ढेप मऊ का राहते. तोडलेला ऊस पडून राहिला की साखर आपोआप फुटायला लागते, ग्लुकोज-फ्रुक्टोज वाढलं की दाणा धरत नाही. आपण नळीत मुद्दाम करतोय ते हेच, गूळवाल्याला नको असलेली गोष्ट. सिरपवाल्याला मात्र हवी असते, कारण फुटलेल्या साखरेचं सिरप साखर धरत नाही.

आता मोकळं एन्झाइम असेल तर, दुधातली साखर फोडणारं लॅक्टेज म्हणा, अल्जिनेट एकटं पुरत नाही. तिथं कायटोसान घ्या, कोळंबी-खेकड्याच्या कवचापासून करतात ते. १ टक्का ॲसेटिक ॲसिडमध्ये २ टक्के कायटोसान, तसंच सिरिंजनं थेंब थेंब पण १ मोलर सोडियम हायड्रॉक्साइडमध्ये. मणी पांढरे होतात. पाणी न्यूट्रल येईपर्यंत धुवा, मग १ टक्का ग्लुटराल्डिहाइडमध्ये तास-दोन तास, मणी पिवळट झाले की लागलं समजा. परत भरपूर धुवा, मग एन्झाइममध्ये घालून रात्रभर फ्रिजमध्ये. ग्लुटराल्डिहाइडचं एक टोक कायटोसानच्या अमिनो ग्रुपला आणि दुसरं एन्झाइमच्या लायसिनला धरतंय, म्हणून इथं ट्रिस बफर चालत नाही, त्यातच अमिनो ग्रुप आहे, ग्लुटराल्डिहाइड त्यालाच धरून बसतंय. इथं फॉस्फेट बिनधास्त वापरा, कॅल्शियमचा प्रश्न नाही. ग्लुटराल्डिहाइड जास्त घातलं म्हणजे जास्त पक्कं असं नसतंय, एन्झाइम आवळून मरतंय. आणि फ्यूम हूडमध्ये, ग्लोव्ह्ज घालून, नाकाजवळ बाटली नेऊ नका रे बाबांनो.

आता त्या नंबर टाकलेल्या बाटल्या काढा. समजा १०० युनिट (युनिट म्हणजे एन्झाइमच्या कामाचं माप) एन्झाइम घातलं आणि उरलेल्या द्रावणात नि धुतलेल्या पाण्यात मिळून ३० युनिट सापडले, म्हणजे ७० बसलं. पण मणी तपासले तर काम ३५ चंच दिसतंय. पोरं इथं घाबरतात आणि आकडा झाकून ७० टक्के लिहितात. दोन्ही लिहा. उरलेलं ३५ एकतर बांधताना मेलं, नाहीतर आतच आहे पण साखर तिथंवर पोचत नाही. कुठलं ते बघायला चार मणी चुरून तपासा, चुरल्यावर काम वाढलं तर दोष पोचण्याचा, पुढच्या वेळी बारीक सुई घ्या.

आणि गळतीची टेस्ट, ही केल्याशिवाय माझ्याकडं सहीला यायचं नाही. अर्धं काम झालं की मणी गाळून बाजूला काढा, उरलेलं साखरेचं पाणी तसंच ५० डिग्रीला ठेवा आणि अर्ध्या तासानं परत ग्लुकोज बघा. वाढलं नाही तर काम मणी करत होते. वाढलं तर एन्झाइम बाहेर आलंय. एका ग्रुपनं अल्जिनेटमध्ये लॅक्टेज कोंडून दूध चालवलं होतं, रिझल्ट झकास, मी मणी काढायला लावले तर मण्याशिवाय पण दुधातलं ग्लुकोज वाढतच होतं. लॅक्टेज पहिल्या फेरीलाच पळून गेलं होतं. शिवाय यीस्ट न घातलेले मणी पण थोडे करून ठेवा, कंट्रोल म्हणजे तुलनेसाठी.

एन्झाइमऐवजी धातूचे कॅटॅलिस्ट, म्हणजे रिॲक्शन जोरात चालवणारे धातू, बसवायचे असतील तर तो वेगळा संसार. थोडक्यात, सपोर्टची भोकं भरतील एवढंच धातूच्या क्षाराचं द्रावण थेंबथेंब पाजायचं, ११० डिग्रीला वाळवायचं, मग भट्टीत ४०० ते ५०० डिग्रीला भाजायचं, धातू हवा असेल तर वर हायड्रोजन, ते मात्र गाइडशिवाय करायचं नाही. तिथंपण गाळलेलं पाणी तपासायचं असतंयच, धातू सुटून येतोय का बघायला.

उरलेले अल्जिनेटचे मणी पातळ कॅल्शियम क्लोराइडमध्ये बुडवून फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवा, फ्रीझरमध्ये नको, बर्फ झाला की जेल फाटतंय. कप्प्यावर चिठ्ठी लावा, मागच्या वर्षी कुणीतरी साबुदाणा समजून झाकण उघडलं होतं.