परदेशी विद्यापीठाला देणगी: पैसे, करार आणि मागून येणारी टीका

परदेशात शिकलेल्या माणसाने आपल्या जुन्या विद्यापीठाला पैसे दिले की इकडे पहिला प्रश्न ठरलेला असतो: ‘इथल्या शाळा काय ओस पडल्या होत्या?’ देणगी हजार डॉलरची असो की कोटीची, प्रश्न तोच येतो. तो दोन दिवसांत विरतो की दहा वर्षे मागे लागतो, हे मात्र तीन गोष्टींवर ठरते. पैसे कोणाचे होते, कशासाठी दिले आणि बातमी कोणत्या शब्दांत बाहेर पडली. तिन्ही गोष्टी पैसे पाठवण्याआधी तुमच्या हातात असतात, नंतर नसतात.

आधी काय काय झाले आहे

ऑक्टोबर २०१० मध्ये एकाच महिन्यात दोन बातम्या आल्या. आनंद महिंद्रा यांनी हार्वर्डच्या मानव्यविद्या केंद्राला १ कोटी डॉलर दिले आणि टाटा समूहाच्या कंपन्या व ट्रस्ट यांनी हार्वर्ड बिझनेस स्कूलला ५ कोटी डॉलर जाहीर केले. महिंद्रा तिथेच शिकलेले. रतन टाटांनी १९७५ मध्ये तिथला व्यवस्थापनाचा प्रगत अभ्यासक्रम केलेला. टाटांच्या पैशातून अधिकाऱ्यांच्या प्रशिक्षणासाठी ‘टाटा हॉल’ ही इमारत उभी राहिली. ‘भारतात का नाही’ हा सूर तेव्हा जो लागला, तो अजूनही अशा प्रत्येक बातमीखाली ऐकू येतो. त्याआधी २००८ मध्ये टाटांनी अमेरिकेतल्याच कॉर्नेल विद्यापीठालाही ५ कोटी डॉलर जाहीर केले होते. त्यातला निम्मा भाग भारतीय विद्यार्थ्यांच्या शिष्यवृत्तीला आणि निम्मा शेती व पोषणावरच्या संशोधनाला होता. त्या देणगीबद्दल कोणी विचारले तर शिकून गेलेली मुले दाखवता येतात. बॉस्टनमधल्या इमारतीकडे बोट दाखवून तसे काही सांगता येत नाही.

चीनमध्येही २०१० सालीच हे घडले. गुंतवणूकदार झांग लेई यांनी अमेरिकेतल्या येल विद्यापीठाच्या व्यवस्थापन शाळेला ८८,८८,८८८ डॉलर जाहीर केले आणि त्यांच्यावर टीकेचा पाऊस पडला. चीनमधल्या रेनमिन विद्यापीठाला, म्हणजे आपल्या पहिल्या विद्यापीठाला, त्यांनी ३० कोटी युआन दिले ते २०१७ मध्ये. पान शियी आणि झांग शिन या बांधकाम व्यवसायातल्या दांपत्याने २०१४ मध्ये हार्वर्डला दीड कोटी डॉलर दिले. ते पैसे चिनी विद्यार्थ्यांच्या आर्थिक मदतीसाठी होते, तरी टीका झालीच: स्वतःच्या मुलांचा प्रवेश पक्का करतात, घरच्या गरीब विद्यार्थ्यांना विसरतात. म्हणजे हेतू चांगला ठेवला की तोंडे बंद होतात, असे समजू नका. उत्तर देणे सोपे होते, एवढेच.

पायरी पहिली: पैसे कोणाच्या खिशातून

इथे चूक झाली तर टीका चावडीवर थांबत नाही, आयकर खात्यापर्यंत जाते.

भारतात राहणारी व्यक्ती स्वतःच्या नावाने रिझर्व्ह बँकेच्या ‘एलआरएस’ (परदेशी पैसे पाठवण्याच्या) योजनेखाली एका आर्थिक वर्षात सगळ्या कारणांसाठी मिळून अडीच लाख डॉलरपर्यंत पाठवू शकते. मुलाची फी, परदेशी शेअर आणि देणगी हे सगळे त्याच मर्यादेत बसवावे लागते. ही सोय फक्त व्यक्तींना आहे; एचयूएफ (हिंदू अविभक्त कुटुंब), ट्रस्ट किंवा कंपनीला नाही.

बँकेत पॅन आणि ‘ए-टू’ फॉर्म द्यावा लागतो. त्यात हेतूचा कोड देणगीचा हवा: एस-१३०२ किंवा एस-१३०३, त्यातला कोणता ते विद्यापीठाचे पत्र पाहून शाखा सांगते. काही जण ‘शिक्षण’ असा हेतू लिहितात, कारण त्याला टीसीएस, म्हणजे पैसे पाठवतानाच बँक आगाऊ घेते तो कर, कमी बसतो. ही सरळ चुकीची घोषणा आहे. उद्या कोणी कागद बाहेर काढला तर तुमच्या देणगीची बातमी ‘फी दाखवून पैसे बाहेर नेले’ अशी होईल.

आर्थिक वर्षात १० लाख रुपयांच्या वर पाठवलेल्या देणगीवर बँक २० टक्के टीसीएस कापते. २५ लाख पाठवायचे असतील तर वरच्या १५ लाखांवर ३ लाख वेगळे तयार ठेवा. हे पैसे बुडत नाहीत, विवरणपत्रात वळते होतात. पण तोवर अडकतात, म्हणून मोठी रक्कम मार्चमध्ये पाठवणे बरे. परदेशी विद्यापीठाला दिलेल्या देणगीवर ८०जीची, म्हणजे देणगीवरच्या आयकराची, सवलत मिळत नाही. ‘कर वाचवायला दिले’ या आरोपाला हेच सर्वांत नेमके उत्तर आहे, ते लक्षात ठेवा.

बँकेचे शुल्क ‘पाठवणाऱ्याकडून’ असे निवडा. तसे न केल्यास मधल्या बँका वाटेत काही डॉलर कापून घेतात, विद्यापीठात रक्कम अपुरी पोचते आणि ‘अमुक रकमेची देणगी’ या पायरीत तुम्ही बसत नाही. शेऱ्यात विद्यापीठाने दिलेला देणगी क्रमांक टाका, नाहीतर पैसे सर्वसाधारण खात्यात जमा होऊन महिनोन्‌महिने पत्रव्यवहार करावा लागतो.

कंपनीच्या पैशांचे नियम वेगळे आहेत. अध्यासनासाठी (देणगीतून चालणाऱ्या प्राध्यापकपदासाठी) किंवा शैक्षणिक संस्थेच्या निधीसाठी कंपनीला मागच्या तीन वर्षांच्या परकीय चलन कमाईच्या १ टक्का किंवा ५० लाख डॉलर, यांतली कमी असेल ती रक्कम देता येते. त्याहून जास्त द्यायचे तर रिझर्व्ह बँकेची परवानगी लागते. ही देणगी सीएसआरमध्ये (कंपनीच्या सामाजिक जबाबदारीच्या खर्चात) दाखवता येत नाही, कारण सीएसआरचे काम भारतातच व्हावे लागते. धर्मादाय ट्रस्टने बाहेर पैसे दिले तर त्या रकमेवरची करमाफी धोक्यात येते. आधी केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाची मान्यता लागते. टाटा एज्युकेशन अँड डेव्हलपमेंट ट्रस्टने कॉर्नेल आणि हार्वर्डला दिलेल्या पैशांवरून आयकराचा वाद वर्षानुवर्षे चालला. जुलै २०२० मध्ये मुंबईतल्या आयकर अपील न्यायाधिकरणाने ट्रस्टच्या बाजूने निकाल दिला. इतके पाठबळ नसलेल्या गावच्या ट्रस्टने या वाटेला जाऊच नये. ज्या ट्रस्टला लोकांनी गावासाठी पैसे दिले, त्याचे पैसे बाहेर गेल्यावर चिडणारे लोक चुकत नाहीत.

पायरी दुसरी: कशासाठी

विद्यापीठाचा देणगी विभाग बहुधा कायम निधी सुचवतो, म्हणजे मुद्दल तसेच ठेवून दरवर्षी त्यातला ठरावीक भागच खर्चायचा. त्याचा हिशेब आधी मांडा. १ लाख डॉलर कायम निधीत टाकले आणि वर्षाला साडेचार टक्के खर्चायला मिळाले, तर शिष्यवृत्ती ४,५०० डॉलरची होते, आणि तीही बहुधा पहिले वर्ष उलटल्यावर. मोठ्या खासगी अमेरिकी विद्यापीठाची वर्षाची फी ६० हजारांच्या पुढे आहे. ‘एका गरीब मुलाला शिकवतो’ असे तुम्ही घरी सांगणार आणि प्रत्यक्षात त्याच्या पुस्तकांचा नि विमानाचा खर्च निघणार. रक्कम मध्यम असेल तर ‘चालू खर्चासाठी’ देणगी द्या: पाच वर्षे, दरवर्षी ठरलेली, दरवर्षी एका ठरलेल्या विद्यार्थ्याला. ती समजावून सांगायलाही सोपी जाते.

टीकाकार दुसरी गोष्टही लगेच काढतात: ज्या हार्वर्डकडे ५० अब्ज डॉलरच्या वर निधी आहे, त्याला तुमचे पाच हजार कशाला? या आक्षेपात दम आहे. तुमची पदवी सरकारी विद्यापीठाची किंवा लहान कॉलेजची असेल तर तिथे तोच पैसा जास्त काम करतो.

भारतीय विद्यार्थ्यांना प्राधान्य हवे असेल तर करारात तसे लिहून घ्या. ‘भारतातून आलेल्यांना प्राधान्य’ हे बहुधा मान्य होते. जात, धर्म किंवा ‘फक्त मराठी’ अशी अट विद्यापीठाचा वकील फेटाळतो. आणि ‘प्राधान्य’ म्हणजे योग्य अर्जदार नसेल तर पैसे दुसऱ्याला जाणार, हे आधीच समजून घ्या.

विद्यार्थ्याला थेट मदत करण्याचा मार्ग तर आपल्याकडे जुनाच आहे. जमशेटजी टाटांनी १८९२ मध्ये परदेशी शिक्षणासाठी निधी सुरू केला. बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांच्या शिष्यवृत्तीवर डॉ. आंबेडकर १९१३ मध्ये कोलंबियाला गेले. त्या पैशातूनही फी परदेशातच भरली गेली, पण लोकांच्या लक्षात विद्यार्थी राहिला.

पायरी तिसरी: करारात काय हवे

विद्यापीठाचा छापील मसुदा जसाच्या तसा सही करू नका. एवढे तपासा: हेतू एका वाक्यात स्पष्ट आहे का; तो अभ्यासक्रम बंद पडला तर पैसे कुठे वळतील; नाव किती वर्षे राहील आणि कोणत्या कारणाने काढता येईल; वर्षातून एकदा खर्चाचा अहवाल कोण पाठवेल; आणि तुमच्या लेखी संमतीशिवाय प्रसिद्धिपत्रक निघणार नाही, हे आहे का. शेवटचे कलम सगळे विसरतात. विद्यापीठाचे पत्रक उत्साहाने भरलेले असते, आणि त्यातले ‘दूरदृष्टीचे दानशूर’ वगैरे विशेषण इकडच्या वाचकाला सर्वांत जास्त झोंबते.

प्राध्यापकाची निवड आपल्या हातात ठेवण्याचा हट्ट सोडा. ली बास या माजी विद्यार्थ्याने १९९१ मध्ये येलला २ कोटी डॉलर दिले, नंतर प्राध्यापकांच्या नेमणुकांत मत देण्याचा हक्क मागितला. १९९५ मध्ये येलने सगळी रक्कम परत केली. याची दुसरी बाजूही आहे: हात काढून घेतला तरी जाब तुम्हालाच विचारतात. इन्फोसिसच्या नारायण मूर्तींचे पुत्र रोहन मूर्ती यांनी २०१० मध्ये ५२ लाख डॉलर देऊन हार्वर्डमध्ये भारतीय अभिजात ग्रंथमाला सुरू केली. पहिले खंड २०१५ मध्ये आले. २०१६ मध्ये १३२ भारतीय अभ्यासकांनी मुख्य संपादक, अमेरिकी संस्कृत अभ्यासक शेल्डन पोलॉक यांना हटवा, अशी मागणी केली. मूर्तींनी संपादक बदलले नाहीत. पैशावरची टीका सहा वर्षांनी माणसावर सरकते, ती अशी. भाषा, इतिहास किंवा धर्म यांच्याशी संबंधित देणगी असेल तर सल्लागार मंडळात भारतातले अभ्यासक असावेत, हे कलम सुरुवातीलाच टाका. नंतर टाकले तर दबावाखाली टाकल्यासारखे दिसते.

तुमचे मूल पुढच्या चार-पाच वर्षांत तिथे अर्ज करणार असेल तर देणगी पुढे ढकला. हार्वर्डच्या प्रवेशांवरच्या २०१८ च्या खटल्यात देणगीदारांच्या नातलगांचा समावेश असलेल्या ‘डीनच्या यादी’ची चर्चा जगभर झाली. कॅलिफोर्नियाने १ सप्टेंबर २०२५ पासून खासगी कॉलेजांतही देणगीदार आणि माजी विद्यार्थ्यांच्या मुलांना प्रवेशात झुकते माप देण्यावर बंदी घातली. एवढे गाजल्यावर ‘आमच्या बाबतीत तसे काही नाही’ यावर कोणी विश्वास ठेवत नाही, खरे असले तरी.

पायरी चौथी: बातमी

गुपचूप देऊ, म्हणजे प्रश्नच नाही, असे वाटत असेल तर एक नियम माहीत असू द्या. अमेरिकी विद्यापीठांना परदेशी स्रोताकडून एका कॅलेंडर वर्षात मिळालेली अडीच लाख डॉलर किंवा त्याहून अधिक रक्कम तिथल्या सरकारच्या शिक्षण विभागाला कळवावी लागते, आणि ही माहिती सार्वजनिक होते. एलआरएसची मर्यादाही नेमकी तेवढीच. म्हणजे पूर्ण मर्यादा वापरली की नोंद झालीच. शिवाय आपले आर्थिक वर्ष एप्रिलचे आणि त्यांचे जानेवारीचे. मार्चमध्ये दीड लाख आणि एप्रिलमध्ये दीड लाख पाठवले तर आपल्याकडे दोन वर्षे, तिकडे एकच.

जाहीर करताना एकूण आकडा आणि दरवर्षीचा हप्ता दोन्ही द्या. तसे न केल्यास पाच वर्षांचे ५० हजार डॉलर रुपयांत बदलून ‘एकरकमी’ असे छापून येतात. दहावी-बारावीच्या निकालाचा आठवडा, पूर आणि दुष्काळाचे दिवस टाळा. इथल्या संस्थेलाही देणार असाल तर ते आधी, निदान सहा महिने आधी द्या. एकाच दिवशी दोन घोषणा केल्या की दुसरी पहिलीवर पांघरूण घातल्यासारखी वाटते.

‘इथे का नाही’ हा प्रश्न रास्त आहे. त्याला रागाने उत्तर देऊ नका, आणि ‘इथे पैसे खातात’ असे तर मुळीच म्हणू नका. त्या एका वाक्यावर सगळी बातमी फिरते. खरी अडचण असेल तर ती नेमकी सांगा. उदाहरणार्थ, तुम्ही आता अमेरिकी नागरिक असाल तर तुमचा पैसा इथल्या संस्थेसाठी ‘परदेशी योगदान’ ठरतो. तिच्याकडे एफसीआरए (परदेशी योगदानाच्या कायद्याखालची) नोंदणी आणि दिल्लीच्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेत खाते हवे, आणि पुष्कळ गावच्या संस्थांकडे ते नसते. भारतीय पासपोर्ट ठेवून परदेशात राहणाऱ्याने आपल्या बचतीतून बँकेमार्फत दिलेल्या पैशाला मात्र हा अडसर नाही. त्यामुळे तुमचा पासपोर्ट अजून भारतीय असेल तर ही सबब सांगू नका, कोणीतरी जाणकार पकडतोच.

खुलासा एकदाच लिहा आणि सगळीकडे तोच वापरा. नमुना असा:

‘२००४ ते २००६ मी तिथे शिष्यवृत्तीवर शिकलो. तीच शिष्यवृत्ती चालू राहावी म्हणून पाच वर्षांत ५०,००० डॉलर देत आहे, दरवर्षी १०,०००. पैसे माझ्या पगारातले आहेत, कर भरलेले आहेत आणि यावर भारतात करसवलत नाही. भारतातून येणाऱ्या विद्यार्थ्याला प्राधान्य आहे. खर्चाचा अहवाल दर जूनमध्ये देईन.’

त्यात ‘माझे पैसे, माझी मर्जी’ नको आणि आईवडिलांच्या कष्टांची कहाणीही नको. नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मामांनी डिवचले तर ‘मामा, प्रश्न बरोबर आहे, फोन करतो’ एवढे लिहून खरेच फोन करा. ग्रुपवर दुसरे उत्तर दिले की तिसरे द्यावे लागते. पत्रकाराला मात्र खुलाशासोबत कराराचा हेतू सांगणारा परिच्छेद द्या. विद्यार्थ्याचे नाव किंवा फोटो त्याच्या लेखी संमतीशिवाय देऊ नका.

मग जून आला की अहवाल खरोखर टाका. विद्यापीठ तो आपणहून पाठवेल यावर विसंबू नका. एप्रिलमध्येच मागणी करा, कारण मे महिन्यात तिकडे पदवीदान असते आणि देणगी विभागातून उत्तर येत नाही. त्या वर्षी प्राधान्यातला विद्यार्थी मिळाला नसेल तर तेही लिहा.